वरचा पाइप कोमट

गाडी उकळून उभी. बॉनेटखालून वाफ फुसफुसते आहे, आणि इंजिनाकडून रेडिएटरकडे जाणारा वरचा रबरी पाइप मात्र हाताला नुसता कोमट लागतो आहे. हे माझ्या ध्यानात आलं ते दिघोरीच्या पुढे, उमरेड रोडवर, भर नवतप्यात, मे अखेरच्या त्या नऊ जळत्या दिवसांत. सासूबाई मागच्या सीटवर पदरानं वारा घेत बसलेल्या, हे बादली घेऊन विहीर शोधायला गेलेले, आणि मी त्या पाइपला हात लावून उभी. काढला, परत लावला. कोमटच. आणि मला हसूच फुटलं.

सासूबाईंनी खिडकीतून डोकं काढलं. "काय झालं वं? भाजलं का?"

"नाही ना आई. भाजलंच नाही."

"मग खुशीत काहून दिसून राहिली?"

आता तुम्हीही हेच विचाराल, म्हणून आधी सांगून टाकते. गाडीचं काम फार अवघड नसतं. इंजिन तापतं, त्याच्या पोटातलं पाणी तापतं, ते वरच्या पाइपानं रेडिएटरमध्ये जातं, तिथे निवतं आणि खालच्या पाइपानं परत इंजिनात येतं. मग इंजिनात पाणी खदखदतंय आणि वरचा पाइप कोमट, याचा अर्थ काय? पाणी बाहेर पडतच नाही. मध्ये कुठेतरी दार लागलेलं आहे. आणि त्या दोघांच्या मध्ये एकच वस्तू असते. इंजिनाच्या डोक्यावर तीन नटांनी आवळून बसवलेली ॲल्युमिनियमची वाकडी टोपी. तिला हाउसिंग म्हणतात. तिच्याखाली थर्मोस्टॅट नावाची पितळी चकती बसते. पाणी गार असेतो ती बंद, तापलं की आपोआप उघडते.

हे मला कोणी शिकवलं नाही. शाळा माझी सातवीत सुटली. पण मिस्त्री आमची गाडी उघडायचा तेव्हा मी चहा घेऊन जायची, आणि त्याचा चहा संपला तरी तिथून हलायची नाही. विचारत बसायची. तो म्हणायचा, "वहिनी, तुमच्या एका चहात मले दोन तास बोलावं लागते."

ही सत्तरच्या दशकातली गोष्ट, दशक संपता संपताची. आम्ही नागपूरच्या सक्करदऱ्याला राहायचो. सासऱ्यांनी हौसेनं जुनी मोटार घेतली होती. ते गेले आणि मोटार दारात राहिली. यांनीच मला कस्तुरचंद पार्कात चालवायला शिकवली, आणि शिकवून पस्तावले, कारण नंतर गाडी त्यांच्या हाती क्वचितच लागली.

मला ती कशाला हवी होती, तर माझी माय कुहीला एकटी होती. बाप गेल्यावर धानाची शेती तिनंच पुढे चालवली होती, नागपूरला येऊन राहा म्हटलं तर ऐकायची नाही. एसटीनं कुहीला जायचं म्हणजे एक मुक्काम पडायचाच, आणि सासरहून मुक्कामाला निघायचं म्हणजे दिवाळी नाहीतर आखाडी. सासूबाई वाईट नव्हत्या हो, पण तेव्हाची रीतच तशी. गाडी हाती आली आणि सगळं पालटलं. सकाळचा स्वयंपाक आटपून निघायचं, मायच्या हातचं जेवायचं, तिच्याजवळ घटकाभर आडवं व्हायचं आणि दिवेलागणीच्या आत घरी. कोणाला विचारायचं नाही, कोणाचा खोळंबा नाही. महिन्यातून एकदा, कधी दोनदासुद्धा मला माय भेटायला लागली.

आणि तीच गाडी उकळायला लागली. पहिल्यांदा कुही फाट्याच्या पुढे उकळायची. दुसऱ्या उन्हाळ्यात पाचगावला. आता तर दिघोरीलाच. त्या हाउसिंगच्या सांध्यातून पाणीही झिरपायचं. आणि आपल्याकडे गाडी गळायला लागली की औषध एकच, हळद. मूठभर हळद रेडिएटरमध्ये टाकायची, ती पाण्याबरोबर फिरते आणि भोक सापडलं की तिथे जाऊन बसते. खरंच बसते, खोटं नाही. म्हणून मिस्त्रीनं टाकली. यांच्या आत्येभावानं टाकली. उमरेड रोडवर भेटलेल्या एका ट्रक ड्रायव्हरनं स्वतःच्या भाजीच्या मसाल्यातली काढून टाकली. एरवी हळद आमच्याच डब्यातली, आणि सासूबाई ती देताना दर वेळी म्हणायच्या, "गाडीचं लगन लागून राहिलं का बाप्पा?"

त्या दिवशी दिघोरीहून आम्ही कुहीला न जाताच परत फिरलो. गाडी निववत, थांबत थांबत. घरी येऊन हे पायऱ्यांवर बसले आणि म्हणाले, "आता बस झालं. ऑफिसात लोक मले विचारतात, गाडीत बसून आले का गाडी ढकलत आले. जरीपटक्याचे एक कापडवाले शेटजी रविवारी सकाळी गाडी पाहायला येऊन राहिले. पसंत पडली तर देऊन टाकतो."

मी म्हटलं, "अहो, पण मला कळलंय तिला काय झालंय."

"तुले नेहमीच कळते."

"वरचा पाइप कोमट आहे. पाणी जातच नाही पुढे. थर्मोस्टॅट बंद पडलाय."

आमचं बोलणं चालू असतानाच मिस्त्री आला, यांनीच त्याला बोलावून घेतलं होतं. तो हसायलाच लागला. "वहिनी, नागपुरात थर्मोस्टॅट कोण ठेवते? तो थंड मुलखातल्या लोकायचा शौक. इथं तर गाडी आली की आम्ही पहिले तोच काढून फेकतो. तुमच्या गाडीचा पहिल्याच मालकानं फेकला असंन."

"तुम्ही पाहिलंय, फेकलेला?"

"नाही."

"तुम्ही हाउसिंग कधी उघडलंय?"

"ते नट गंजून बसले ना वहिनी. अन् आत काही नाहीच, तर उघडायचं कायले?"

बघा आता. पंप बदलला होता, रेडिएटर दोनदा साफ केला होता, पंख्याचा पट्टा नवा होता. जिथे काही नाही असं साऱ्या गावाला ठाऊक होतं, तेवढं एक कोणी उघडून पाहिलं नव्हतं. मी यांना म्हटलं, "रविवारी ते येईपर्यंत गाडी माझी. मी ती नीट करते. कुहीला जाऊन परत यायचं, आणि वाटेत एकदाही उकळली नाही, तर विकायची नाही."

"अन् उकळली तर?"

"तर तुम्ही द्या कोणाला द्यायची त्याला. मी तोंड उघडणार नाही."

सासूबाई आतून म्हणाल्या, "तोंड उघडणार नाही म्हणते. हे पाहाले तरी गाडी उकळू दे बाप्पा."

यांना हसू आलं, आणि हसू आलं की ते हो म्हणतात.

शनिवारी सकाळी मिस्त्री कामाला लागला. मी आदल्या दिवशीच तिन्ही नटांच्या मुळाशी रॉकेल सोडून ठेवलं होतं, येता-जाता थेंब थेंब टाकत होते. दोन नट कुरकुर करत सुटले. तिसराही सुटला, पण हाउसिंग काही जागचं हलेना. ॲल्युमिनियम आणि लोखंड वर्षानुवर्षं पाण्यात राहिले की एकमेकांना असे धरून बसतात. मिस्त्री हलक्या हातानं ठोकत होता, इकडून, तिकडून. मी म्हटलं, "जरा दमानं." तो म्हणाला, "दमानंच करून राहिलो." आणि कडकन् आवाज झाला. हाउसिंग निघालं, पण त्याचा एक कान, बोल्ट जातो तो कोपरा, तिथेच तुटून राहिला.

पण त्या तुटक्या कानाकडे कोणाचं लक्षच गेलं नाही. आम्ही दोघं भोकात वाकून बघत होतो. आत पिवळं. नुसतं पिवळं. हळद आणि आमच्या विहिरीच्या पाण्यातला चुना, असा गिलावा बसला होता की थापी मारून लिंपल्यासारखा. मिस्त्रीनं स्क्रूड्रायव्हरनं तो खरवडला आणि खालून पितळेची कडा चमकली.

तो म्हणाला, "अरे, हा तर इथंच बसून आहे."

थर्मोस्टॅट आतच होता. पहिल्या मालकापासून आतच. जेमतेम सुई जाईल एवढी फट उघडी, बाकी हळदीनं बंद. मी तो ताटात ठेवला आणि स्वयंपाकघरात धावले. सासूबाईंनी बोटानं पिवळं उचललं, नाकाशी नेलं. "आपलीच आहे," म्हणाल्या, "घरची. बाजारची हळद एवढी टिकत नाही."

मग नवं हाउसिंग पाहिजे. शनिवारी यांचं अर्ध्या दिवसाचं ऑफिस. ते घरी आले तशी मी दारातच ताट पुढे केलं. त्यांनी थर्मोस्टॅट पाहिला, तुटलेला कान पाहिला. मला वाटलं, आता म्हणतील मोडली ना गाडी, उद्या काय दाखवू. पण ते वाकून ते पिवळं बघतच राहिले आणि म्हणाले, "जेवण नंतर. चल, जरीपटक्याला जाऊ."

स्कूटरवर मी मागे, मांडीवर फडक्यात बांधलेलं तुटकं हाउसिंग. ऊन म्हणजे तव्यावर बसल्यासारखं. जुन्या सुट्या भागांच्या दुकानांची तिथे एक गल्ली होती, आम्ही एकेक दुकान घेत गेलो. कोणाकडे मोठं, कोणाकडे लहान. एका म्हाताऱ्या दुकानदारानं पोत्यात हात घातला आणि पोतंच जमिनीवर उपडं केलं. "देख लो बहनजी, तुम्हारा इसी में होगा." मी तिथेच उकिडवी बसले, तुटकं मापाला धरून एकेक जुळवत. हे बाजूला उभे. दुकानदार यांना म्हणाला, "साहब, मिस्त्री अच्छी रखी है."

"मिस्त्री नाही, मालकीण आहे," हे म्हणाले. मी खाली मान घालून शोधतच होते, पण ऐकलं ते बरोबर. आणि तेवढ्यात सापडलं. तिन्ही भोकं जुळणारं, कुठे तडा नाही. नवा थर्मोस्टॅट मात्र त्याच्याकडे डब्यात बंद होता, धूळ बसलेला. "इसको कोई नहीं पूछता इधर," म्हणाला.

घरी आल्यावर मिस्त्रीनं एक शेवटचा प्रयत्न केला. "वहिनी, आता काढलाच आहे तर बाहेरच राहू द्या. पाणी मोकळं फिरन."

"आणि डिसेंबरात? सकाळी गाडी गरमच होत नाही, चोक ओढून ओढून पेट्रोल जळतं. ज्यांनी गाडी बनवली त्यांनी काही विचार करूनच ठेवला असेल ना."

"ते नागपूरले आले नव्हते वहिनी."

मी म्हटलं, "बरं. आधी तपासू. उघडला तर लावू, नाही उघडला तर फेकू."

स्टोव्हवर पातेलं ठेवलं, पाणी भरलं, आणि दोऱ्याला बांधून नवा थर्मोस्टॅट त्यात लोंबकळत सोडला. सासूबाईंचा एकच आक्षेप, पातेलं दुधाचं नको. मग डाळीचं घेतलं. आम्ही चौघं स्टोव्हभोवती, हे सुद्धा बनियनवर उभे. पाणी गरम झालं, बारीक बुडबुडे आले. चकती बंद. आणखी बुडबुडे. बंदच. मिस्त्रीनं घसा खाकरला. आणि मग, अहो काय सांगू, कोणी हात न लावता ती पितळी चकती हळूच वर उचलली जायला लागली. कमळासारखी नाही, तसलं काही नाही, कुकरची शिट्टी उचलते ना तशी, पण सावकाश, मन लावून.

"उघडलं वं, उघडलं," सासूबाईंनी माझा दंड धरला. "परत कर." मी दोरा वर घेतला, गार पाण्यात बुडवला, चकती मिटली. परत गरमात, परत उघडली. सासूबाईंनी ते पुन्हा पुन्हा करायला लावलं. शेजारच्या काकूंना भिंतीवरून हाक मारून बोलावलं आणि त्यांनाही दाखवलं. जुना थर्मोस्टॅट टाकला तर तो ढिम्म. पाणी आटत आलं तरी ढिम्म. मिस्त्री म्हणाला, "लावू वहिनी. लावूनच टाकू."

रविवारी उजाडताच सुरुवात केली. जरीपटक्याहून आणलेल्या हाउसिंगचा तळ सपाट करायला ओट्याच्या कडप्प्यावर पॉलिश पेपर पसरून मी तो घासला, घासून चमकवला. मग मध्ये घालायला पॅकिंग हवं. जाड कागद घ्यायचा, टोपीवर ठेवून कडेकडेनं हातोडीनं टिचकत कापायचा. घरात जाड कागद म्हणजे लग्नपत्रिका. सासूबाईंनी गठ्ठा आणला, पण एकेक बघून बाजूला ठेवायला लागल्या. "याच्यावर गणपती आहे. याच्यावरही आहे. गणपती इंजिनात घालते का?"

"आई, मागची बाजू घेऊ ना."

"मागं नावं आहेत. माणसायची नावं उकळत्या पाण्यात?"

शेवटी यांच्या कोणत्याशा दूरच्या भावकीतल्या पत्रिकेची एक कोरी घडी निघाली, नुसती आहेराची सूचना छापलेली. "हे घाल," सासूबाई म्हणाल्या, "तसाही त्यायनं आपल्याले मानपान केला नव्हता." ग्रीस लावून ती बसवली. थर्मोस्टॅट स्प्रिंग खाली करून ठेवला, वर टोपी, तिन्ही नट थोडे थोडे, आळीपाळीनं आवळले. एकच बाजू आवळली की टोपी वाकडी बसते आणि पुन्हा गळती. मी पाणी ओतत असतानाच फाटक वाजलं. जरीपटक्याचे शेटजी.

पांढरा शर्ट, कपाळावर गंध, स्वभावानं मोठे गोड. त्यांनी बॉनेटमध्ये डोकावून विचारलं, "काय झालं गाडीले?"

हे खोटं बोलत नाहीत, तीच पंचाईत. "उकळत होती," म्हणाले. "हिनं नीट केली. आता कुहीपर्यंत नेऊन पाहायची आहे."

"मग मी पण येतो ना. रोडवर चालवल्याबिना गाडी कशी समजन? कोण चालवणार?"

"मी," मी म्हटलं.

ते यांच्याकडे बघून म्हणाले, "चलेगा."

असे आम्ही निघालो. मी चालवतेय, शेजारी हे, मागे सासूबाई आणि शेटजी, मध्ये पाण्याचं भरलेलं मडकं. निघण्याआधीच यांनी माझ्या कानात म्हटलं, "मी कुठं फसलो पाह्य. गाडी उकळली तर हा घेणार नाही. नाही उकळली तर तू देणार नाही."

दिघोरी आली. मी गाडी कडेला घेतली, बॉनेट उघडलं आणि वरच्या पाइपला हात लावला. चटका बसला. अस्सा बसला की बोट तोंडात घालावं लागलं, आणि मी हसत होते. पाणी फिरत होतं. हाउसिंगच्या सांध्याभोवती बोट फिरवलं, कोरडं. मागून सासूबाई, "काय वं?"

"भाजलं आई."

"चांगलं झालं बाई," त्या म्हणाल्या. शेटजींना काही उमगेना. ते आपले सासूबाईंकडे बघायला लागले, ही कसली सासू.

विहीरगाव गेलं. पाचगाव आलं, इथे गेल्या साली आम्ही झाडाखाली तास काढला होता. गेलं. माझे हात स्टेअरिंगवर घामानं निसटत होते, सगळे कान लावून बसलेले. फाट्याला वळलो. रस्ता खराब, दोन्हीकडे धानाच्या रिकाम्या बांध्या, गरम वारा तोंडावर. मला वाटत होतं गाडीच्या आधी मीच उकळेन. आणि मग कुहीची घरं दिसली, आणि माझी माय अंगणात, डोळ्यावर हात धरून, आवाज ओळखून उभी.

"आज तर वार नाही तुझा," ती म्हणाली. मग मागचे पाहुणे पाहिले आणि पदर सावरला. मी तिच्या गळ्यात पडले, हात काळे तसेच. तिनं सगळ्यांना पन्हं दिलं. शेटजींनी तीन पेले घेतले. मायनं विचारलं, "हे कोण म्हणायचे?" आणि कोणी काही सांगायच्या आत तेच म्हणाले, "मी गाडी घेणार."

मायचा हात तांब्यावरच राहिला. तिनं माझ्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर सगळं दिसलं, पुढची दिवाळी, मधले महिने. यांनीही ते पाहिलं, मी त्यांना पाहताना पाहिलं.

परतीच्या वाटेवर ऊन कलतं होतं, तरी तापच. मी दोनदा थांबून पाइप आणि सांधा तपासला. गाडी एकसारखी गुरगुरत चालली होती, पोट भरलेल्या म्हशीसारखी. दिघोरी ओलांडली आणि मागून शेटजी म्हणाले, "गाडी नंबर एक आहे. आपली पसंत. बोला."

हे समोर बघत म्हणाले, "शेटजी, बोलायचं काय, किल्ली हिच्या हातात आहे. हिलेच विचारा."

"बहनजी?"

"नाही देत," मी म्हटलं.

एवढंच. मग सासूबाई शेटजींना म्हणाल्या, "नाराज नका होऊ भाऊ. घरी चला, चहा घ्या. तिखट पुऱ्या करते."

ते नाराज झाले नाहीत. चहा घेतला, पुऱ्या खाल्ल्या, अंगणात जाऊन गाडीभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाले, बस आता मिळणार नाही, कोणी सोडेल का. यांनी चप्पल घालायला पाय पुढे केला, पण मी आधीच फाटकाशी होते. जरीपटक्यापर्यंत शेटजी शेजारच्या सीटवर बसून गाडीचं कौतुक करत होते, किती शांत चालते, किती हलकी वळते, अशी गाडी आता कुठे मिळते. मी हो हो म्हणत होते आणि चालवत होते.